भाषांतर तयार असते, पान मात्र इंग्रजीत उघडते

एखाद्या सेवेचे संकेतस्थळ मोबाईलवर उघडले की बटणांच्या जागी आधी ‘फॉर्म डॉट सबमिट’ असली सांकेतिक नावे झळकतात, मग क्षणभर इंग्रजी दिसते आणि शेवटी मराठी येते. रेंज कमी असेल तर मराठी येतच नाही. पाहणाऱ्याला वाटते की भाषांतर अर्धवट राहिले आहे. बहुतेक वेळा तसे नसते. भाषांतरकाराचे काम कधीच पुरे झालेले असते, मराठीची फाईल सर्व्हरवर पडून असते. ती योग्य वेळी, योग्य वाचकासाठी उचलली जात नाही.

भाषेची फाईल कोठून उचलायची, कधी उचलायची, किती उचलायची आणि ती सापडली नाही तर काय करायचे, या प्रश्नांना वेबच्या जगाने गेल्या तीस वर्षांत बरीच उत्तरे दिली. माझे मत सुरुवातीलाच मांडलेले बरे. भाषेची फाईल हा पानाचाच भाग आहे. पान जिथे तयार होते तिथेच, ते तयार होण्याआधी, ती हाताशी हवी. पान आधी पाठवायचे आणि भाषा मागून आणून चिकटवायची, ही पद्धत आज फार पसरली आहे. तिचा फटका बसतो तो इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या वाचकांना.

सुरुवात गेटटेक्स्टपासून करावी लागते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये नव्वदच्या दशकाच्या आरंभी ही पद्धत आकाराला आली आणि १९९५ मध्ये ग्नू प्रकल्पाने तिची मुक्त आवृत्ती काढली. कोडमध्ये मूळ इंग्रजी वाक्यच लिहायचे, भाषांतरकाराने पीओ फाईलमध्ये त्याखाली मराठी वाक्य लिहायचे आणि त्या फाईलपासून एमओ ही बायनरी फाईल बनवायची. एमओमध्ये मूळ वाक्ये क्रमवार लावलेली असतात, त्यामुळे एक वाक्य शोधायला सगळी फाईल चाळावी लागत नाही. भाषांतर नसेल तर मूळ इंग्रजी वाक्य दिसते. रिकामी जागा राहत नाही, सांकेतिक नावही डोकावत नाही. ही सोय नंतरच्या कितीतरी पद्धतींनी गमावली, याचे वाईट वाटते.

पण गेटटेक्स्ट घडले ते एका संगणकापुढे एक माणूस बसतो आणि त्याची एक भाषा असते, हे धरून. वेबवर एकाच सर्व्हरकडे आत्ता मराठी वाचक येतो, पुढच्या क्षणी तमिळ. पीएचपीमध्ये सेटलोकेल हे फंक्शन भाषा बदलते ती सबंध प्रोसेसची, एका थ्रेडपुरती नव्हे. एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालत असतील तर एकासाठी बदललेली भाषा दुसऱ्याच्या पानात शिरू शकते. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये तसा स्पष्ट इशारा आहे. शिवाय सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मराठी लोकेल बसवलेले नसेल तर सेटलोकेल काही आरडाओरडा करत नाही, नुसते ‘फॉल्स’ परत देते आणि पान इंग्रजीत उघडते. फाईल बरोबर, मार्ग बरोबर, कोड बरोबर, तरी मराठी नाही. नवी एमओ फाईल चढवावी तर जुनीच मेमरीत बसलेली असते आणि सर्व्हर रिस्टार्ट केल्याशिवाय दुरुस्ती दिसत नाही. मराठी संकेतस्थळे सांभाळणाऱ्या कितीतरी जणांचे दिवस या दोन कारणांच्या शोधात गेले असतील.

जावाची गोष्ट वेगळी. १९९७ च्या जेडीके १.१ मध्ये रिसोर्स बंडल आले. प्रत्येक भाषेची एक प्रॉपर्टीज फाईल, नावाच्या शेवटी भाषेची खूण आणि फाईल निवडण्याचे काम जावाकडे. पण ही फाईल वाचली जायची आयएसओ ८८५९-१ या पश्चिम युरोपी अक्षरसंचात, आणि त्यात देवनागरी नाही. म्हणून प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहायचे: ‘न’ म्हणजे बॅकस्लॅश, यू आणि ०९२८, ‘स’ म्हणजे ०९३८, ‘क’ म्हणजे ०९१५. ‘नमस्कार’ या शब्दात युनिकोडची सात चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्याला २१ बाइट लागतात, या पद्धतीने ४२. दुप्पट जागा एक वेळ सोसता येते. खरा तोटा असा की मराठी फाईल मराठी माणसाला वाचताच यायची नाही. शुद्धलेखन तपासायला कोणाला फाईल द्यावी, तर समोर नुसते आकडे. मग नेटिव्ह-टू-ॲस्की हे साधन चालवून रूपांतर करायचे आणि ते चालवायला विसरले की पानावर प्रश्नचिन्हे किंवा कचरा. २०१७ च्या जावा ९ पासून या फायली आधी यूटीएफ-८ म्हणून वाचल्या जातात, आणि ते साधनही त्याच आवृत्तीत निवृत्त झाले. देवनागरीला सरळ देवनागरीत लिहिण्याची मुभा मिळायला वीस वर्षे लागली.

जावातला दुसरा सापळा अजून तसाच आहे. मागितलेल्या भाषेची फाईल नसेल तर जावा लगेच मूळ फाईलकडे जात नाही. आधी सर्व्हरच्या स्वतःच्या भाषेची फाईल शोधते. समजा मूळ फाईल इंग्रजीत आहे, सोबत मराठी आणि जर्मन फायली आहेत, आणि सर्व्हर जर्मनीत जर्मन लोकेलवर चालतो. इंग्रजी वाचक आला. इंग्रजीची वेगळी फाईल नाही, कारण मूळ फाईल इंग्रजीच आहे. त्या वाचकाला जर्मन पान मिळते. विकासकाच्या संगणकावर हे कधीच दिसत नाही, कारण तिथले लोकेल इंग्रजी असते. स्प्रिंगमध्येही ही सवय मुळात चालू असते, ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. ज्याच्याकडे जावाचे बहुभाषी संकेतस्थळ आहे त्याने ही एक ओळ आजच तपासावी.

डॉटनेटमध्ये प्रत्येक भाषेची वेगळी असेंब्ली त्या भाषेच्या नावाच्या फोल्डरमध्ये बसते आणि शोध ‘एमआर-आयएन’ पासून ‘एमआर’, तिथून तटस्थ मूळ फाईल असा सरळ उतरतो. रेल्सने २००८ च्या २.२ आवृत्तीत वायएएमएल फायली आणल्या. वाचायला या सुंदर. पण नॉर्वेजियन भाषेची खूण ‘नो’ अवतरणचिन्हांशिवाय लिहिली की जुने वायएएमएल तिला ‘नाही’ समजते आणि भाषेच्या जागी ‘फॉल्स’ ही किंमत येते. एका देशाची भाषा अशी फाईल वाचतानाच गळून पडते. जँगो गेटटेक्स्टवरच उभे आहे, पण त्याने प्रत्येक थ्रेडची भाषा वेगळी ठेवली आणि पीएचपीतला घोळ टाळला.

फाईल लोड करण्याआधी ती कोणाची हे ठरावे लागते. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ हा हेडर पाठवतो: आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी, असा पसंतीक्रम आकड्यांसह. ऐकायला हे उत्तम. प्रत्यक्षात अनेकांच्या फोनची भाषा विकत घेतल्यापासून इंग्रजीच असते; मराठी वाचायला आवडते, पण सेटिंगमध्ये जाऊन ती बदलायचे कोणाला सुचत नाही. हेडर इंग्रजी सांगतो आणि सर्व्हर त्याच्यावर विश्वास ठेवतो. सर्व्हर आणि वाचक यांच्यामध्ये कॅश असेल तर आणखी एक पंचाईत. एकाच पत्त्यावर दोन भाषांतली पाने द्यायची असतील तर उत्तरासोबत ‘व्हेरी’ हा हेडर लावून कॅशला तसे सांगावे लागते. तो राहिला की पहिल्या वाचकाला मिळालेली भाषा पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला येते. लावला तरी प्रत्येक ब्राउझरचा भाषाक्रम थोडा वेगळा असल्याने कॅशमध्ये एकाच पानाच्या ढीगभर प्रती साठतात. गूगलचा क्रॉलर तर सहसा हा हेडर पाठवतच नाही. त्याला मूळ भाषेचे पान मिळते, आणि मराठी पान शोधात कोणाला सापडत नाही.

म्हणून भाषा पत्त्यातच असावी. जँगोचा क्रम मला पटतो: आधी पत्त्यातला भाषेचा भाग, तो नसेल तर कुकी, मग हेडर, आणि शेवटी संकेतस्थळाची ठरलेली भाषा. पत्त्यात भाषा असली की मैत्रिणीला पाठवलेली लिंक तिच्याकडेही मराठीतच उघडते, कॅशला प्रश्न पडत नाही, क्रॉलरला वाट मिळते. आपल्याकडच्या कितीतरी द्विभाषी संकेतस्थळांवर ‘मराठी’ हा दुवा दाबला की वाचक चालू पानावरून थेट मुखपृष्ठावर फेकला जातो. अर्धा भरलेला अर्ज गेला, तो पुन्हा शोधा. याचे मूळ तांत्रिक आहे: भाषा सेशनमध्ये ठेवलेली असते, पत्त्यात नसते, त्यामुळे ‘हेच पान, दुसऱ्या भाषेत’ असे म्हणण्याची सोयच तिथे उरत नाही.

पत्त्यातून आलेली भाषेची खूण सरळ फाईलच्या नावात जोडू नये, हेही इथेच सांगायला हवे. जुन्या पीएचपी संकेतस्थळांवर खूण जशीच्या तशी फाईलच्या मार्गात घातली जायची. खोडसाळ माणूस तिच्या जागी वरच्या फोल्डरांत चढणारा मार्ग लिहून सर्व्हरवरची भलतीच फाईल उघडायचा. उपाय साधा आहे. उपलब्ध भाषांची यादी ठेवायची आणि आलेली खूण त्या यादीत नसेल तर ती नाकारायची.

आता ब्राउझरकडे. पाने ब्राउझरमध्ये बांधली जाऊ लागली तशी भाषेची फाईलही तिथे पोचवणे भाग पडले. आय-एटीन-नेक्स्ट हे जावास्क्रिप्टमधले यासाठीचे फार वापरले जाणारे ग्रंथालय. त्याला ‘एमआर-आयएन’ सांगितले की ते मूळ सेटिंगप्रमाणे तीन फायली मागते: एक ‘एमआर-आयएन’ची, एक ‘एमआर’ची आणि एक पर्यायी भाषेची, जिचे मूळ नाव ‘डेव्ह’ आहे. आपल्याकडे असते फक्त ‘एमआर’. बाकी दोन विनंत्या रिकाम्या हाताने परत येतात. काही सर्व्हर मात्र न सापडलेल्या प्रत्येक पत्त्यावर ‘सापडले’ म्हणून मुखपृष्ठाचे एचटीएमएल देतात, कारण एकपानी ॲप तसेच चालते. ग्रंथालय ते जेसॉन समजून वाचू पाहते आणि अडखळते. कन्सोलवर येणारी चूक अशी असते की ती भाषेशी निगडित आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. फक्त भाषेचीच फाईल माग, प्रदेशाची नको, आणि पर्यायी भाषा इंग्रजी धर, एवढ्या दोन सेटिंगांनी हे थांबते.

फाईल येईपर्यंत काय दाखवायचे? रिॲक्टमध्ये भाषा येईपर्यंत घटक थांबवून ठेवण्याची सोय आहे. ती कोणी बंद केली आणि फाईल आली की नाही हे तपासले नाही, की सुरुवातीला वर्णन केलेली सांकेतिक नावे पडद्यावर येतात. सगळ्या भाषा एकाच बंडलात कोंबल्या तर वाट पाहणे संपते, पण मराठी वाचक पोलिश आणि जपानीचाही डेटा भरतो. तारखांसाठी वापरले जाणारे मोमेंट वेबपॅकबरोबर घेतले की सगळ्या भाषांच्या फायली न मागता बंडलात शिरायच्या. त्या बाहेर काढण्याची कृती हे वेब विकासकांचे जणू नित्यकर्म झाले होते. अँग्युलरने दुसरे टोक गाठले. त्याच्या मूळ पद्धतीत भाषांतर बिल्ड करतानाच कोडमध्ये मुरवले जाते आणि प्रत्येक भाषेचे स्वतंत्र ॲप तयार होते. लोड करायला काही उरतच नाही. भाषा बदलताना पान नव्याने उघडते, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. वाचक दिवसातून दहा वेळा भाषा बदलत नाही.

सर्व्हरवर एकदा आणि ब्राउझरमध्ये पुन्हा, असे दोनदा पान बांधणाऱ्या पद्धतीत भाषेची फाईल दोन्हीकडे हुबेहूब सारखी लागते. इथे मराठीची एक जुनी अडचण नोंदवण्यासारखी आहे. आकडे आणि तारखा यांचे नियम आपण फाईलमध्ये लिहीत नाही. ते युनिकोडच्या सीएलडीआर या साठ्यातून येतात. त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी आहेत, म्हणून ब्राउझर १२,३४,५६७ असे लिहितो. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये १३वी आवृत्ती येईपर्यंत नोड सोबत फक्त इंग्रजीचा डेटा द्यायचे. सर्व्हर तीच संख्या इंग्रजी अंकांत आणि पाश्चात्त्य स्वल्पविरामांसह लिहायचा, ब्राउझर देवनागरीत, आणि दोन्ही जुळेनात म्हणून रिॲक्ट तक्रार करायचे. भाषांतराच्या फाईलमध्ये एकही चूक नाही. उणीव होती ती भाषेच्या दुसऱ्या, न दिसणाऱ्या फाईलची.

हा साठा किती बारकाईने बांधला आहे ते क्रमवाचकांत दिसते. पहिला, दुसरा-तिसरा, चौथा, आणि मग पाचवा, सहावा, सातवा सगळे एकाच घडणीचे: मराठीसाठी सीएलडीआरमध्ये असे चार गट आहेत. हिंदीत पाच, कारण तिथे ‘छठा’ वेगळा पडतो. संख्यांच्या बाबतीतही हिंदीचे नियम शून्याला एकवचनात धरतात, मराठीचे नाहीत. म्हणून ‘हिंदीचीच सेटिंग मराठीला लावून टाकू’ हा कार्यालयांत सर्रास ऐकू येणारा तोडगा चुकीचा आहे. दोन भाषांची लिपी एक असली तरी त्यांच्या फायली एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

महाराष्ट्रातली असंख्य छोटी संकेतस्थळे, नियतकालिके आणि संस्थांची पाने वर्डप्रेसवर चालतात, म्हणून त्याचा प्रवास थोडा तपशिलात पाहू. वर्डप्रेसने पीएचपीच्या गेटटेक्स्टवर भिस्त न ठेवता एमओ वाचणारा स्वतःचा कोड लिहिला. सर्व्हरवरच्या लोकेलची कटकट मिटली, पण प्रत्येक विनंतीला सगळी फाईल वाचून मेमरीत मांडावी लागे. इंग्रजी पानाला यातले काहीच करायचे नसते, त्यामुळे तेच संकेतस्थळ मराठीत उघडायला जास्त वेळ आणि जास्त मेमरी घेई. २०१६ च्या ४.६ आवृत्तीपासून प्लगिनची भाषा खरोखर लागेल तेव्हाच लोड होऊ लागली. २०१८ च्या ५.० मध्ये ब्राउझरसाठी जेसॉन फायली आल्या. त्यांच्या नावात स्क्रिप्टच्या मार्गाचा एमडी-५ सांकेतांक असतो, आणि स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की तो जुळत नाही व भाषांतर मुकाट्याने गळते. एप्रिल २०२४ च्या ६.५ मध्ये खरी सुधारणा झाली: भाषांतर साध्या पीएचपी ॲरेच्या फाईलमध्ये ठेवायचे, म्हणजे पीएचपीची ऑपकॅश ती तयार अवस्थेत मेमरीत राखते. इतर भाषांच्या वाचकांवर पडणारा हा भार हलका व्हायला इतकी वर्षे लागली, कारण मोजमाप करणारे बहुधा इंग्रजी संकेतस्थळावरच मोजत असत.

नोव्हेंबर २०२४ मधल्या ६.७ आवृत्तीने आणखी एक चूक उघड्यावर आणली. एखादा प्लगिन फार लवकर, म्हणजे लॉगिन केलेला माणूस कोण हे ठरण्याआधी भाषा मागू लागला तर आता सूचना येते. अनेक संकेतस्थळांच्या नोंदवह्या या सूचनांनी भरून गेल्या आणि लोकांनी त्या बंद करण्याचे उपाय शोधले. सूचना मात्र योग्य होती. माणूस कोण हे कळण्याआधी त्याची भाषा ठरवली तर ती चुकू शकते, आणि एकदा लोड झालेली चुकीची भाषा त्या पानभर राहते.

फाईल सापडली, पण त्यात एक वाक्य नाही, असे झाले तर? फायरफॉक्सच्या जुन्या डीटीडी पद्धतीत एक वाक्य गहाळ असले तरी अख्खी खिडकी उघडायची नाही. पिवळ्या पार्श्वभूमीवर एक्सएमएलची चूक दिसायची. एका भाषांतरकाराकडून राहिलेली ओळ सगळा ब्राउझर अडवू शकत होती. मोझिलाने त्यातून धडा घेऊन फ्लुएंट ही पद्धत बांधली, जिची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यात माघार वाक्यागणिक घेतली जाते: हे एक वाक्य मराठीत नाही, तर तेवढेच पुढच्या भाषेत दाखव, बाकी पान मराठीच राहू दे. कोणतीही पद्धत निवडताना मी आधी हेच पाहतो.

पुढची भाषा कोणती, हेही डोळे मिटून ठरवू नये. खुणेचा शेवटचा तुकडा काढत जायचे, हा २००६ च्या आरएफसी ४६४७ मधला सोपा नियम ‘एमआर-आयएन’ला चालतो, लिपी बदलते तिथे फसतो. पारंपरिक चिनी वाचणाऱ्याच्या खुणेतून लिपीचा तुकडा उडवला तर त्याला सरळीकृत लिपी मिळते. सीएलडीआर म्हणून तिथे तुकडा न काढता थेट मुळाशी जाते. गोव्यात कोंकणी देवनागरीत वाचणारे आहेत तसे रोमीत वाचणारेही. रोमी कोंकणीची फाईल नाही म्हणून देवनागरी दाखवावी की इंग्रजी, हे ग्रंथालयावर सोपवण्याजोगे नाही. ते वाचकांना विचारून लिहून ठेवायला हवे.

उरला प्रश्न ताज्या आणि शिळ्या फायलींचा. नवे कोड चढते, मराठीची जुनी फाईल मात्र वाचकाच्या कॅशमध्ये बसलेली असते. नव्या बटणाचे नाव जुन्या फाईलमध्ये नाही, म्हणून पुन्हा सांकेतिक नावे. फाईलच्या नावातच तिच्या मजकुराचा सांकेतांक घातला की हा गोंधळ संपतो: मजकूर बदलला की नाव बदलते, आणि न बदललेली फाईल वर्षभर कॅशमध्ये राहिली तरी बिघडत नाही. तिचे वजनही उगाच वाढवू नये. पीएचपीचे जेसॉन-एन्कोड आणि पायथनचे जेसॉन-डम्प्स सांगितल्याशिवाय देवनागरी अक्षरे जावासारखी क्रमांकांतच लिहितात. तीन बाइटांचे अक्षर सहा बाइटांचे होते. कॉम्प्रेशनने बराच फरक भरून निघतो, पण फाईल उघडून वाचता येणे ही गोष्ट कॉम्प्रेशन परत देत नाही. पीएचपीत एक पर्याय द्यावा लागतो, पायथनमध्ये एक बंद करावा लागतो.

बिल्डमध्ये एक तपासणी अनिवार्य करावी: इंग्रजी फाईलमधले प्रत्येक नाव मराठी फाईलमध्ये आहे का, आणि वाक्यातल्या भरायच्या जागा दोन्हीकडे त्याच आहेत का. याला काही ओळींची स्क्रिप्ट पुरते. चालू संकेतस्थळावर न सापडलेल्या प्रत्येक नावाची भाषेसह नोंद व्हावी, आणि ती यादी विकासकाकडे न राहता दर आठवड्याला भाषांतरकाराच्या हाती पडावी. आय-एटीन-नेक्स्टमध्ये अशा नोंदीसाठी तयार जागा आहे, रेल्समध्ये गहाळ भाषांतरावर चूक उठवण्याची सेटिंग आहे, जावातही हे सहज लिहिता येते. मार्च २०२५ च्या सीएलडीआर ४७ बरोबर मेसेजफॉरमॅट २ चे विनिर्देश स्थिर झाले आहेत, त्यामुळे लवकरच अनेकांना आपल्या फायलींचा साचा बदलावा लागेल. ही तपासणी आणि ही नोंद त्या बदलाआधी बसवून घ्यावी, म्हणजे स्थलांतरात मराठीची कोणती वाक्ये गळाली ते त्याच दिवशी कळेल.